सगळा खेळ वरच्या कप्प्याचा

लंडनचा फुटबॉल क्लब वेस्ट हॅम हरायला लागला की स्टेडियममध्ये मालकाच्या नावाने शिमगा सुरू होतो, प्रीमियर लीग बघणाऱ्यांना हे सांगायला नको. हा मालक म्हणजे डेव्हिड सलिव्हन, आणि त्याचा पार्टनर होता डेव्हिड गोल्ड, २०२३ मध्ये वारला. दोघांचाही सुरुवातीचा पैसा नागड्या फोटोंच्या मॅगझिनमधून आलेला. हे मला ऐकून माहीत होतं, पण मध्यंतरी ब्रिटनमधल्या या धंद्याबद्दल सहज वाचायला बसलो आणि एकातून दुसरं निघत गेलं, पोलीस काय, जमिनी काय, पेपर काय, शेवटी म्हटलं लिहूनच काढू.

आधी कायदा, कारण सगळी गंमत तिथेच आहे. ब्रिटनचा अश्लीलतेचा मुख्य कायदा १९५९ चा. त्यात काय छापायचं, काय नाही याची यादीच नाही. कसोटी एवढीच की हे वाचून वाचणाऱ्याचं मन बिघडेल, तो भ्रष्ट होईल का. आता हे ठरवणार कोण, तर ज्युरी. किंवा पोलिसांनी माल उचलून मॅजिस्ट्रेटसमोर नेला तर तो एकटाच, ज्युरीबिरी काही नाही, थेट नष्ट करण्याचा हुकूम. म्हणजे तोच अंक एका गावात सुटणार आणि दुसऱ्या गावात भट्टीत जाणार. मला तर वाटतं असा कायदा या धंद्याला हवाच होता. नियम स्पष्ट असते तर कुणीही उठून दुकान टाकलं असतं, पण अंदाजाने चालायचं असेल तर वकील, ओळखी आणि खिशात पैसा लागतो.

आणि ओळखी म्हणजे नुसत्या ओळखी नाहीत हो. लंडनच्या पोलिसांत अश्लील साहित्य पकडायला वेगळं पथक होतं, लोक त्याला डर्टी स्क्वाड म्हणायचे. सोहो या लंडनच्या भागातल्या असल्या दुकानदारांकडून या पथकाचे ठरलेले हप्ते, नवीन दुकान उघडायचं तर आधी पथकाला विचारायचं, धाड पडणार असेल तर आधी निरोप. आणि जप्त केलेला माल? तो परत दुकानदारांनाच विकायचे! एका दुकानदाराला तर म्हणे सीआयडीचा टाय घालायला दिला होता, म्हणजे पोलीस स्टेशनच्या तळघरात जाऊन माल निवडताना कुणाला संशय नको. जिमी हम्फ्रीज नावाचा एक सोहोवाला, त्याने दरोड्यांचा तपास करणाऱ्या फ्लाइंग स्क्वाडच्या प्रमुखाला, केनेथ ड्र्युरीला, सायप्रसला सुट्टीवर नेलं, खर्च ह्याचा, आणि १९७२ मध्ये पेपरने ते छापलं तेव्हा ड्र्युरीने सांगितलं काय तर मी फरार गुन्हेगार शोधायला गेलो होतो. बायकांना घेऊन! मग खटले उभे राहिले, १९७७ मध्ये डर्टी स्क्वाडचा बिल मूडी १२ वर्षं आत गेला, ड्र्युरीला ८ वर्षं.

याच काळात 'ऑझ' नावाच्या हिप्पी मासिकाचं काय झालं बघा. १९७० मध्ये त्यांनी शाळकरी मुलांना संपादन करायला दिलेला एक अंक काढला, त्यात एक चावट कॉमिक होतं, आणि तिघा संपादकांवर खटला भरला. १९७१ मध्ये तिघांनाही तुरुंगाची शिक्षा, पुढे अपिलात अश्लीलतेचा गुन्हा रद्द झाला. म्हणजे सोहोत काउंटरखालून खरोखरचा हार्डकोअर माल खपतोय तिकडे कानाडोळा आणि केस वाढवलेल्या पोरांवर कायद्याचा बडगा, कारण ही पोरं हप्ता देत नव्हती. त्या तिघांतला फेलिक्स डेनिस, त्याला जज म्हणाले हा बाकीच्या दोघांपेक्षा कमी हुशार म्हणून शिक्षा कमी. त्याच डेनिसने पुढे १९९५ मध्ये 'मॅक्झिम' हे पुरुषांचं मासिक काढलं आणि प्रचंड पैसा केला :)

पण खरा उस्ताद म्हणजे पॉल रेमंड. त्या काळी थिएटरच्या स्टेजवर नग्न बाई चालायची पण तिने हलायचं नाही, पुतळ्यासारखं उभं राहायचं, असा नियम. रेमंडने १९५८ मध्ये सोहोत रिव्ह्यूबार हा स्ट्रिप क्लब उघडला तो मेंबर्स क्लब म्हणून, कारण खाजगी क्लबला तो नियम लागू नाही. १९७१ मध्ये त्याने 'मेन ओन्ली' हे जुनं मासिक घेतलं, ते मुळात १९३५ चं आणि तेव्हा बऱ्यापैकी सभ्य, मग 'क्लब इंटरनॅशनल', पुढे 'एस्कॉर्ट', 'रॅझल', १९९० मध्ये 'मेफेअर'ही. मासिकांचा पैसा कुठे गेला? सोहोच्या इमारतींत. सत्तरच्या दशकात तो भाग बदनाम, भाव पडलेले, हा एकेक घेत गेला. म्हणजे स्वतःच्या धंद्याने ज्या गल्लीचं नाव खराब होतं तीच स्वस्तात विकत घ्यायची, आणि वस्ती सुधारली की भाडी खात बसायचं. २००८ मध्ये गेला तेव्हा अर्ध्या सोहोचा मालक असल्यासारखीच ख्याती होती. डोकं मानलं पाहिजे, बाकी काही का असेना.

सलिव्हन इकॉनॉमिक्सचा पदवीधर. टीव्हीवरच्या घाणीविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस बाई होत्या, तर याने आपल्या मासिकाचं नावच 'व्हाइटहाउस' ठेवलं. निव्वळ खोडसाळपणा. त्याच्याच कंपनीची केस युरोपियन कोर्टात गेलेली, जर्मनीहून आणलेल्या फुगवायच्या बाहुल्या कस्टम्सने हीथ्रोवर पकडल्या, आणि १९८६ मध्ये कोर्ट म्हणालं की जी वस्तू तुमच्या देशात बनवायला बंदी नाही तिची आयात अश्लील म्हणून कशी अडवता. युरोपियन व्यापार कायदा शिकणारी पोरं आजही ही केस वाचतात, गंभीर चेहऱ्याने.

या सगळ्यात बायका कुठे आहेत असं विचाराल तर मासिकाच्या पानांवर, हिशोबात नाहीत. सलिव्हनच्या मासिकांची सगळ्यात गाजलेली मॉडेल मेरी मिलिंग्टन १९७९ मध्ये गेली, ३३ वर्षांची होती, आत्महत्या. हे लिहिताना वरची गंमत जरा जड जाते खरं.

ऐंशीच्या दशकात सेक्स शॉपला लायसन्स आलं आणि बाकीची मासिकं नेहमीच्या पेपरवाल्याकडे राहिली, सगळ्यात वरच्या कप्प्यावर, मुलांचा हात पुरणार नाही अशा उंचीवर. त्यामुळे काय दिसायचं काय नाही हे कायद्यापेक्षा डब्ल्यूएच स्मिथसारखे विक्रेते आणि घाऊक वितरक ठरवायला लागले. अंक उचलायला त्यांनी नाही म्हटलं की खलास, खटल्याची गरजच नाही. मग आतली पानंही त्यांच्या अंदाजाने बेतायची. मोजक्या प्रकाशकांना हे मस्त जमलं. रिचर्ड डेसमंडकडे १९८३ पासून 'पेंटहाउस'ची ब्रिटिश आवृत्ती, मग इतर बरीच अ‍ॅडल्ट मासिकं, मग सेलिब्रिटींचं 'ओके!', आणि २००० मध्ये साहेबांनी १२५ मिलियन पाउंडांना 'डेली एक्सप्रेस'चा सगळा ग्रुपच घेतला. लेबर पार्टीला १ लाख पाउंडांची देणगीही दिली, त्यावरून २००२ मध्ये जोरदार बोंबाबोंब झाली. अ‍ॅडल्ट मासिकं विकली २००४ मध्ये, म्हणजे पेपर हातात आल्यावर चार वर्षांनी.

शेवटचा मोठा वाद झाला तो 'नट्स', 'झू' वगैरे लॅड्स मॅग्जवर, म्हणजे कव्हरवर अर्धनग्न बायका छापणाऱ्या तरुण पुरुषांच्या मासिकांवर, आणि तोही कप्प्यावरूनच. २०१३ मध्ये महिला संघटनांनी दुकानदारांना सांगितलं की ही कव्हरं रोज हाताळायला लावणं म्हणजे तुमच्याच कर्मचाऱ्यांचा छळ, समानतेच्या कायद्यात बसू शकतो. को-ऑप या दुकानांच्या साखळीने अंक झाकणारी पिशवी मागितली, 'नट्स'ने नकार दिला, को-ऑपने ठेवणं बंद केलं. पुढच्याच वर्षी 'नट्स' बंद. खप तर इंटरनेटने आधीच खाल्ला होता म्हणा.

आता वेबसाइटची पाळी आहे. जुलै २०२५ पासून ब्रिटनमध्ये पॉर्न साइटवर वय तपासणं सक्तीचं झालंय, नाही केलं तर ऑफकॉम ही तिथली नियामक संस्था १८ मिलियन पाउंड किंवा जगभरच्या कमाईच्या १० टक्के, यातलं जे जास्त तेवढ्यापर्यंत दंड करू शकतं. मुलांसाठी काहीतरी हवंच होतं, वाद नाही. पण ही तपासणी बसवायला पैसा लागतो, आणि तो कुठल्या साइट्सकडे आहे ते मला वेगळं सांगायला नको.