राघव म्हणजे कुणाचा?

स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं आणि पहिला आठवला तो संस्कृतचा तास. सरांनी फळ्यावर 'रघु' लिहिलं. 'र'ला काना दिला, 'घु'चा उकार पुसला, पुढं 'व' जोडला. झालं 'राघव'! मग यदूचा यादव, कुरूचा कौरव, पांडूचा पांडव. पाणिनीचं 'तस्यापत्यम्' (म्हणजे 'त्याचं अपत्य') हे सूत्र सरांनी असं आमच्याकडूनच फळ्यावर करून घेतलं.

आपल्या सोलापुरात पेठेत नवं पोर दिसलं की म्हातारी माणसं हटकायची, "कुणाचा रं तू?" राघव हे त्याच प्रश्नाचं उत्तर आहे. वडिलांवरून सांगायचं तर राम दाशरथि. पण राघव म्हटलं की कालिदासाच्या वंशावळीप्रमाणे थेट पणजोबांशी नातं लागतं: रघु, अज, दशरथ, राम. वाल्मीकींच्या वंशावळीत रघु कितीतरी पिढ्या मागं आहे, हेही सरांनी तेव्हाच सांगितलं होतं.

सूर्यवंशात इक्ष्वाकू आधीचा, मोठा. तरी कालिदासानं १९ सर्गांच्या काव्याला नाव दिलं ते रघुवंश. का, ते मला पाचव्या सर्गात कळलं. विश्वजित यज्ञात रघूनं सगळं दान केलेलं. गुरुदक्षिणेसाठी १४ कोटी मागायला आलेल्या कौत्साला अर्घ्य द्यायलाही त्याच्याकडं मातीचंच भांडं उरलेलं. तरी त्यानं कौत्साला रिकाम्या हातानं जाऊ दिलं नाही, थेट कुबेरावर स्वारीची तयारी केली. सोनं आलं तेव्हा राजा म्हणे सगळं ने, आणि कौत्स दक्षिणेपेक्षा जास्त घेईना! अशा माणसाचं नाव वंशाला लागावं, यात मला कालिदासाचा न्याय दिसतो.

आणि मनूचा तो मानव. हा मनु इक्ष्वाकूचा बाप, म्हणजे रघूचाही पूर्वज. आमच्या वर्गात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. सरांनी हजेरीपट उचलून दाखवला आणि म्हणाले, "इथले सगळे त्याच साच्यातले." त्या दिवशी मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करून ऐकत होती.

दसऱ्याला आपण आपटा 'सोनं' म्हणून देतो, त्यामागं हीच कौत्साची गोष्ट सांगतात. कालिदासाकडं सोनं राजाच्या कोषागारात पडतं, आपट्यावर पडतं ते आपल्याकडच्या लोककथेत. सरांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या, तितक्याच मायेनं, पण एकीत दुसरी कधी मिसळली नाही. पुढं मी स्वतः शिकवायला लागलो, तेव्हा हेच जपलं.