बारा वेळा मूळ

दुपारी टेबलाचा खण आवरताना मामाचा जुना कॅल्क्युलेटर हाताला लागला. बारा आकडी. बॅटरी केव्हाच गेलेली, पण वरची सौर पट्टी खिडकीकडे धरली तसं कोपऱ्यात एक फिकट शून्य उमटलं. अधिकच्या बटणावरची खूण पार पुसली गेलीय, कारण मामा हिशेबी माणूस. वर्गमूळाच्या बटणावरचीही पुसलीय. ते पाप माझं.

कुणी केलं नाही हे? पाटीभर नऊ दाबायचे आणि मग नुसतं मूळ, मूळ, मूळ. पहिल्याच फटक्याला दहा लाखांवर, मग हजार, मग एकतीस, मग साडेपाच. पुढे घसरण मंदावते, आणि चाळीसेक वेळा दाबलं की उरतो एक. बारा नवांचा तोरा, आणि शेवटी एक! मला तेव्हा फार समाधान वाटायचं. कशाचं, कुणास ठाऊक.

पण घनमूळाचं बटण नव्हतं. साध्या कॅल्क्युलेटरवर ते नसतंच. मग मामाने मंत्र दिला: बारा वेळा मूळ, त्यातून एक वजा, तीनने भाग, एक मिळव, मग बारा वेळा गुणिले-बरोबर, म्हणजे दर वेळी वर्ग. पाचवं मूळ हवं तर पाचने भाग, बाकी मंत्र तोच. मी २७ घेतले. बारा दाबांनंतर १.०००८०४९७ असं काहीतरी आलं, आणि सगळं उलटं उलगडल्यावर ३.०००८८. मी हिरमुसले. मामा म्हणाला, "अगं, दोनच दशांश लिहायचे कागदावर. तीन आले की नाही?"

बाराच का, तर त्यालाही तसंच सांगितलेलं. बारा वेळा म्हणजे ४०९६ वं मूळ, आणि संख्या एकाला इतकी बिलगली की तिच्या एकावरच्या शेपटाला सरळ भागलं तरी फारसं बिघडत नाही, हे पुष्कळ नंतर कळलं. म्हणजे १६१४ साली नेपियर या गणितज्ञाने कोष्टकं छापलेलं लॉगॅरिदमच ते (मूळ काढायचं काम साध्या भागाकारावर आणणारं), गरिबाघरचं. नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, संख्येचं विचारलं तर असं लांबून जावं लागतं.

घनमूळाची आणखी एक वाट आहे, मला जास्त आवडणारी. २७ ची दोनदा मुळं काढायची: २.२७९५. त्याला पुन्हा २७ ने गुणून दोनदा मूळ: २.८००९. पुन्हा तसंच: २.९४८९. मग २.९८७१. दर फेरीला तीनपासूनचं अंतर साधारण पाव होतं. दोनदा मूळ म्हणजे पाव घात, आणि घनमूळ म्हणजे एक तृतीयांश घात. पाव, त्याचा पाव, त्याचाही पाव, असं मिळवत गेलं की बरोबर एक तृतीयांश भरतो, आणि ही बेरीज आर्किमिडीजने परवलयाच्या (पॅराबोला नावाच्या वक्राच्या) तुकड्याचं क्षेत्रफळ मोजताना केली होती. दोनाऐवजी तीनदा मूळ काढत गेलं तर सातवं मूळ मिळतं. पाचवं असं सरळ येत नाही, त्याचे नखरे वेगळे.

हल्ली फोन आडवा धरला की हवं ते मूळ काढायचं बटण निघतं. एका दाबात तीन. असेना.

आज मी ०.५ घेतला. हा उलटा चढत जातो: ०.७०, ०.८४, ०.९१. दाबत राहिले. ०.९९९९९९९९९९९ वर आला आणि थांबला. आणखी दहा वेळा दाबलं, ढिम्म. वरून येणारे सगळे एक होतात, हा खालून आलेला मात्र या यंत्रात दारातच उभा राहतो. पट्टीवर अंगठा ठेवला, आकडे विझले.