तुम्ही विचारलंत म्हणून : सातवीची मुलं या सत्रात काय शिकतायत?

‘बाई, या सत्रात पोरांना नक्की शिकवताय काय?’ हा प्रश्न मला पालकसभेत विचारला जातो, बंदरावर विचारला जातो, लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात मी सातवीला गणित आणि भूगोल शिकवते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, वडीलमंडळी घरी असतात आणि पोरांची नवी पुस्तकं हातात घेऊन बघतात. प्रश्न बहुतेक तिथूनच येतो. एवढे विषय, एवढे धडे, यातलं पोरांच्या उपयोगी काय पडणार, ही त्यामागची काळजी असते.

प्रथम सत्र म्हणजे जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस. गणितात पूर्णांकांचा गुणाकार-भागाकार, मसावि-लसावि, कोनांच्या जोड्या, परिमेय संख्या, घातांक, बैजिक राशी. विज्ञानात सजीवांचं अनुकूलन, वनस्पतींची रचना, पोषण, अन्नाची सुरक्षा, मापन, गती आणि बल, स्थितिक विद्युत. इतिहासात शिवपूर्वकाळापासून स्वराज्याच्या कारभारापर्यंत. नागरिकशास्त्रात संविधानाची उद्देशिका, जी मुलं परिपाठात रोज म्हणतात आणि आता तिच्यातला एकेक शब्द समजून घेतात. भूगोलात ऋतू, चंद्र, भरती-ओहोटी, हवेचा दाब, वारे. शिवाय तीन भाषा.

पण माझ्या मते या सत्रात मुलं खरं शिकतात ते या विषयांच्या बांधांवर, आणि तिथं शाळेइतकंच घरचं ज्ञान लागतं. भरती-ओहोटीचा धडा घ्या. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना उधाण आणि भांग हे शब्द पुस्तक उघडायच्या आधीपासून माहीत असतात. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं आणि अष्टमीला कमी, हे त्यांनी पाहिलेलं असतं. पुस्तक त्यामागचं कारण देतं : अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, अष्टमीला एकमेकींशी काटकोनात.

आता घरचा हिशेब. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन (चारची पाऊणपट तीन), म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. ज्यांनी लहानपणी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ केली त्यांना हे बोलता बोलता जमतं. मुलांना मराठीच्या तासाला मुलाखतीचे प्रश्न तयार करायला दिले होते, त्यातून हा हिशेब वर्गात आला आणि गणिताच्या तासाला फळ्यावर गेला, कारण तिथं तेव्हा परिमेय संख्यांचा गुणाकार चालू होता.

एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, ‘बाई, पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे पाऊण. एका दिवसात दीड तासाची उडी कशी पडेल?’

प्रश्न अगदी बरोबर होता. पुस्तकात लिहिलंय की भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. मग आम्ही उलट बाजूनं गेलो. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत 15 तिथी. तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळाचा 12 तासांचा फेरा पुरा करते आणि पुन्हा होती तिथे येते. बाराला पंधरानं भागलं की चार पंचमांश तास येतात. म्हणजे एका तिथीला 48 मिनिटं, पाऊण तास नव्हे. तिथी आपल्या दिवसापेक्षा किंचित लहान असते, म्हणून पुस्तकातली 50 आणि आमची 48 ही एकाच गोष्टीची दोन मोजमापं. पाऊणपटीत दर तिथीला 3 मिनिटं सुटतात, 15 तिथींत 45, आणि सव्वाअकरात पाऊण तास मिळवला की बारा! फळ्यावर ते आलं तेव्हा वर्गात जो आवाज झाला तो शेजारच्या वर्गात ऐकू गेला.

मग आजोबा चुकत होते का? मुलांनी लगेच हा प्रश्न विचारला. तोंडी हिशेबाला पाऊणकी सोपी. चार पंचमांशाचा पाढा कुणी पाठ करत नाही. शिवाय भरतीची वेळ बंदरागणिक थोडी पुढंमागं होतेच, त्यामुळे होडी काढायला एवढा अंदाज पुरतो. ढोबळ उत्तर कुठं चालतं आणि नेमकं कुठं लागतं, हे ओळखणं मला मसावि-लसाविपेक्षा कमी महत्त्वाचं वाटत नाही.

त्याच सुमारास इतिहासात आरमार येतं. 1664 साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू झाली. जंजिऱ्याचा सिद्दी आणि गोव्याचे पोर्तुगीज यांच्यासमोर स्वराज्याला समुद्रावर उभं राहायचं होतं. गुराब, गलबत, पाल ही जहाजांची नावं मुलं पाठ करतात, पण खाडी पाहिलेल्या मुलांना एवढ्यावर भागत नाही. उथळ तळाची गलबतं खाडीत आत शिरू शकत, मोठ्या जहाजांना ते जमत नसे. मग आत शिरायचं कधी, भरतीला की ओहोटीला? वारा कुठला हवा? भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे इथं कामाला येतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर शीड सोडून बाहेर पडायचं, दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं, हे ज्यांच्या पणजोबांनी केलं त्यांना तो धडा समजवावा लागत नाही. फक्त ते आणि पुस्तकातलं एकच आहे, हे कुणीतरी सांगावं लागतं.

काही गोष्टी आपल्याकडे जमत नाहीत, तेही सांगते. स्थितिक विद्युतीचा धडा नियोजनात पावसाळ्यात येतो. फुगा केसांवर घासायचा आणि कागदाचे कपटे उचलून दाखवायचे. कोकणातल्या श्रावणात हवा इतकी दमट असते की घासून आलेला प्रभार टिकतच नाही, आणि मुलांना वाटतं पुस्तक खोटं बोलतंय. हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या सकाळी करावा. धडा आता, प्रयोग तेव्हा, असं आमच्या विज्ञानाच्या सरांनी ठरवलंय आणि मला ते योग्य वाटतं. वेळापत्रक पाळण्यासाठी फसणारा प्रयोग दाखवण्यात काहीच अर्थ नाही.

ऋतूंच्या धड्याचंही तसंच. जूनपासून सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आणि काठीची सावली नोंदवायची असते, आणि नेमकं जूनमध्ये आमच्याकडे सूर्य दिसत नाही. वेळा आम्ही दिनदर्शिकेतून घेतो. सावलीसाठी पावसाची उघडीप बघून धावत मैदानात जातो. जून-जुलैत भर मध्यान्ही, म्हणजे आमच्याकडे घड्याळात साधारण साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान, ऊन मिळालंच तर मीटरभर काठीची सावली जास्तीत जास्त अकरा सेंटिमीटर असते, आणि ती दक्षिणेकडे पडते. सूर्य तेव्हा आपल्या उत्तरेला असतो. ऑगस्टच्या सुरुवातीला तो बरोबर डोक्यावर येतो आणि मग सावली उत्तरेकडे पडू लागते. सूर्य कायम दक्षिणेकडूनच जातो असं मोठ्या माणसांनाही वाटत असतं. त्यांना घरी हे दाखवताना मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

अन्नाच्या सुरक्षेचा धडा तर तुमच्याच अंगणात आहे. मीठ लावून वाळवलेली मासळी महिनोन्‌महिने का टिकते? पाणी गेलं की सूक्ष्मजीवांना वाढायला जागा राहत नाही, एवढं मी सांगते. कुठल्या मासळीला किती मीठ आणि किती उन्हं, हे मुलं आईला विचारून येतात, आणि त्या दिवशी वर्गात माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त माहीत असतं.

म्हणून माझी एकच विनंती आहे. संध्याकाळी ‘अभ्यास झाला का?’ असं विचारण्याऐवजी आज शाळेत जे झालं त्यातलं तुम्हाला माहीत असलेलं काही असेल तर ते सांगा. होडीचं, शेताचं, मिठाचं, तिथीचं. मुलं ते दुसऱ्या दिवशी वर्गात आणतात आणि आम्हाला पुढं नेता येतं.

दिवाळीनंतर दुसऱ्या सत्रात पायथागोरस आहे. 22 डिसेंबरच्या सुमारास त्याच मीटरभर काठीची मध्यान्हीची सावली 85 सेंटिमीटरच्या आसपास भरेल. काठी, सावली आणि काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंत ताणलेली दोरी. दोरी किती लागेल ते मुलं आधी वहीत काढतील आणि मग मैदानात मोजून बघतील. त्या दुपारी ज्यांना जमेल त्यांनी या, दोरी धरायला माणसं लागतात.