जर्मनीतली महागाई आणि पंचवटीतली कोठी

नाशिकला फोन केला की कोणी ना कोणी विचारतंच, तुम्हाला काय बाई, पगार युरोत, तुम्हाला कसली आलीये महागाई? काकू विचारते, सिडकोतले सासरचे शेजारी विचारतात, परवा तर शाळेच्या ग्रुपवर पण हाच विषय निघाला. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच काढू. कारण "इकडे पण महाग झालंय हो" एवढं म्हणून हा विषय संपत नाही, आणि मला जे सांगायचंय ते खरं तर नाशिककरांनाच सांगायचंय.

आम्ही स्टुटगार्टजवळ एका छोट्या गावात राहतो. इथे भाड्याचे दोन भाग असतात, एक नुसत्या घराचं आणि दुसरं हीटिंग, पाणी, कचरा, जिन्यातले दिवे वगैरेचं. हा दुसरा भाग दर महिन्याला अंदाजे भरत राहायचा आणि वर्ष संपलं की घरमालक खरा हिशेब पाठवतो. आणि तो पाठवायला कायद्याने त्याला पुढचे १२ महिने मुदत असते. म्हणजे बघा, २०२२ च्या जानेवारीत तुम्ही जो हीटर लावला त्याचा खरा हिशेब २०२३ च्या दिवाळीनंतर पण हातात पडू शकतो, आणि तोपर्यंत तुम्ही आपले समजत असता की महिन्याचं गणित जमतंय. त्यात हीटिंगच्या बिलाचा निदान ३० टक्के भाग घराच्या क्षेत्रफळावर लागतो, तुम्ही हीटर लावा नाहीतर महिनाभर नाशिकला जाऊन राहा. नवीन येणाऱ्या मुलामुलींना मी हे पहिल्यांदा सांगते, पहिल्या वर्षी त्या बिलासाठी थोडे थोडे पैसे वेगळे ठेवायला लागा, कारण एकदम शेकडो युरो भरा असं पत्र येतं तेव्हा पळापळ होते.

२०२२ मध्ये तर सगळ्यांचीच झाली. रशिया-युक्रेन युद्धाच्या आधी जर्मनीला लागणाऱ्या आयात गॅसपैकी निम्म्याहून जास्त रशियाकडून यायचा. त्या ऑगस्टच्या शेवटी समुद्राखालच्या पाइपलाइनमधून येणारा गॅस बंदच झाला. सरकारी ऑफिसांमध्ये हीटिंग १९ डिग्रीच्या वर न्यायचं नाही असा नियम आला, डिसेंबरचा गॅसचा हप्ता सरकारने भरला, आणि २०२३ साठी आधीच्या वापराच्या ८० टक्क्यांपर्यंत गॅसला युनिटमागे १२ सेंट आणि विजेला ४० सेंट असा दर बांधून दिला. मदत झाली, नाही असं नाही. पण त्या थंडीत आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक जण रेडिएटरचं, म्हणजे भिंतीवरच्या हीटरचं, बटण किती आकड्यावर ठेवायचं याच्यावरच बोलत होता.

त्या बटणाबद्दल थोडं सांगते, कारण आपल्या लोकांना हे कोणी सांगतच नाही. त्याच्यावर १ ते ५ आकडे असतात. ३ म्हणजे साधारण २० डिग्री. बाहेरून गारठून आलं की सगळे सरळ ५ वर फिरवतात, वाटतं लवकर गरम होईल. तसं होत नाही, खोली तेवढ्याच वेगाने तापते, फक्त २० वर न थांबता पुढे तापत राहते आणि मीटर पळत राहतं. मग ३ वर ठेवा आणि घरात स्वेटर घाला, एवढं साधं आहे. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन हीटर पूर्ण बंद पण ठेवू नका. ओले कपडे घरातच वाळत, खिडक्या बंद, भिंती थंड, की कपाटामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि ती काढायचा खर्च हीटिंगपेक्षा जास्त. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, तेव्हा रेडिएटर बंद, मग परत लावून टाका. कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडायची हे आईला व्हिडिओ कॉलवर बघवत नाही, पण खरंच उपयोग होतो.

आता किचनकडे येते. २०२२ च्या मार्चमध्ये इथल्या दुकानांत सूर्यफुलाचं तेल दिसेनासं झालं. रिकाम्या फळीवर चिठ्ठी, एका गिऱ्हाइकाला इतक्याच बाटल्या. सूर्यफूल तेलाचे मोठे उत्पादक युक्रेन आणि रशिया, दोघंही युद्धात. त्याच दिवसांत आईचा फोन, अगं तेलाचा डबा किती महाग झालाय. मग एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात तीन-चार आठवडे बंद केली आणि भारतात आणखी भडका, कारण आपण खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरूनच आणतो. मला तेव्हा पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं की पंचवटीतली फोडणी आणि माझी इथली फोडणी एकाच युद्धाने महाग केलीये, आणि युरो असोत का रुपये, ज्याच्या घरात महिन्याचं तेल आधीच होतं तो शांत होता आणि ज्याला त्याच दिवशी घ्यायचं होतं तो मिळेल त्या भावाला घेत होता.

महागाईत सगळ्यात जास्त मार बसतो तो ऐनवेळी विकत घेणाऱ्याला. साठवण म्हणजे नुसती संकटाची तयारी नाही, ती घरखर्चाची पण तयारी आहे, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच.

हे मी कुठे नीट बघितलं, तर आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींकडे. ऐंशी पार केलेल्या, महायुद्धानंतरच्या १९४६-४७ च्या उपासमारीच्या थंडीत त्या लहान होत्या. इथे बिल्डिंगच्या तळघरात प्रत्येक घराला एक छोटी खोली मिळते, केलर म्हणतात. लोक त्यात सायकल आणि जुनं फर्निचर कोंबतात. आजींच्या केलरमध्ये लाकडी फळ्या, त्यावर काचेच्या बरण्या, सफरचंदाचा मुरंबा, बीन्स, बीट, लोणचं, बटाट्याची पेटी, खाली पाण्याचे क्रेट. प्रत्येक झाकणावर टेपचा तुकडा आणि त्यावर पेनाने महिना-वर्ष. बाजारातून नवीन डबा आला की तो मागे सरकवायचा आणि जुना पुढे ओढून तोच वर न्यायचा. मी बघत राहिले. आमच्या आईचं पण हेच, नवे गहू आले तरी आधी जुनी कोठी रिकामी करा, मग नव्याला हात लावा.

इथल्या सरकारच्या आपत्ती विभागाची एक यादीच आहे, घरात काय ठेवावं याची. निदान तीन दिवस आणि शक्यतो दहा दिवस बाहेर न पडता निघतील एवढं. दहा दिवसांसाठी माणशी २० लिटर पाणी वगैरे, धान्य-बटाटे-ब्रेड मिळून साडेतीन किलो, भाज्या आणि डाळी-कडधान्यं चार किलो, फळं-सुकामेवा अडीच किलो. शिवाय टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, औषधं, थोडी रोकड, कागदपत्रांच्या कॉप्या. मार्च २०२५ मध्ये युरोपियन युनियननेही सगळ्या देशांना सांगितलं की लोकांकडे ७२ तासांची सोय पाहिजे. काही जण हसले. मग महिनाभरात २८ एप्रिलला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये जवळजवळ सगळीकडची वीज गेली, भर दुपारी. मेट्रो थांबल्या, कार्ड चालेनात, फोनला नेटवर्क नाही, आणि लोक दुकानात बॅटरीचे रेडिओ शोधत होते. खिशात सुट्टे पैसे होते त्यालाच पाव मिळाला.

इथल्या बहुतेक घरात शेगडी विजेची. वीज गेली की डाळ-तांदूळ कितीही भरलेले असले तरी शिजवणार कशावर? म्हणून ती सरकारी यादी मी आपल्या पद्धतीने बदलून घेतलीये. आपल्याकडे न शिजवता खायचं केवढं आहे! पातळ पोहे, कांदा, लिंबू, थोडा नारळ, दडपे पोहे तयार. सातूचं पीठ, ते नुसतं दूध-गूळ घालून, दूध नसलं तर पाण्यात. शेंगदाणे-गूळ, खाकरे, चिवडा, डिंकाचे लाडू. हे सगळं महिनाभर टिकतं, मुलं आवडीने खातात म्हणून आपोआप संपतं आणि नवीन भरलं जातं, त्यामुळे काही फेकावं लागत नाही. मुद्दाम वेगळं "संकटाचं खाणं" आणून ठेवलं तर ते दोन वर्षांनी कचऱ्यातच जातं. आणि एक सांगते, कॅम्पिंगची गॅस शेगडी किंवा कोळशाची ग्रिल घरात पेटवायची नाही, काहीही झालं तरी, त्या धुराने आणि वायूने माणसं झोपेत जातात.

बाकीची काटकसर पटापट सांगते. शनिवारी संध्याकाळी दुकानात शेवटच्या तारखेच्या वस्तू कमी भावात मिळतात, कारण रविवारी दुकानं बंद. बाटल्या परत केल्या की बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांवर २५ सेंट मिळतात. देशभराचा लोकल प्रवासाचा पास २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, पुढे ५८ झाला, नंतर ६३. तरी गाडीपेक्षा परवडतो.

आता कांद्याचं बोलायलाच पाहिजे, मामा निफाडचे आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, लासलगावसकट जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले, आणि डिसेंबरमध्ये तर निर्यातच बंद, ती मे २०२४ पर्यंत. शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून. मला हे पटत नाही. गिऱ्हाइकाची महागाई कमी करायची तर तिचा सगळा भार शेतकऱ्याच्या कांदा साठवायच्या चाळीवर का? उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, तो चाळीत चार-पाच महिने ठेवायचा म्हणजे मामांचा जीव त्यात अडकलेला असतो. मान नीट वाळलेलाच कांदा चाळीत जातो, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) आणि जोडकांदे बाजूला, चिंगळी (बारीक कांदा) आधी विकायची. तरी वजन घटतं, काही सडतो. आणि एवढं सांभाळून भाव आला की वरून निर्णय येतो. घरातल्या साठ्याचा हाही एक फायदा मला वाटतो, की मेमध्ये प्रत्येक घराने दोन-तीन महिन्यांचा उन्हाळ कांदा ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट घेतला, हवेशीर जागी पसरून ठेवला, तर शेतकऱ्याच्या हातात तेव्हा पैसा येतो आणि ऑक्टोबरमध्ये आपण ओरडत नाही. लाल कांदा मात्र भरून ठेवू नका, तो टिकत नाही.

आणि इकडे मी आजींच्या केलरचं कौतुक करतेय तोवर नाशिकला काय चाललंय, तर गेल्या वेळी आले तेव्हा चुलत बहिणीच्या घरी कोठीच नव्हती. नवीन फ्लॅट, मॉड्युलर किचन, आणि मीठ संपलं की मोबाइल उचलायचा, दहा मिनिटांत दारात. सोय आहे, नोकरी करणाऱ्या बाईला ती लागते, मी नावं ठेवत नाही. पण पाव किलोच्या भावात वर्षभर गहू-डाळ घेणं आणि मेमध्ये वर्षाचे गहू एकदम भरणं यातला फरक तिने वहीत मांडून बघावा असं मी तिला बसवून सांगितलं. गहू उन्हात घालायचे, एरंडेल चोळायचं, कडुलिंबाचा पाला घालायचा, सगळ्यांचं जमणार नाही, मान्य. मग तीन महिन्यांचे भरा. दोन घरं मिळून एक पोतं घ्या. भिशीच्या बायकांनी तेलाचे डबे एकत्र घ्यावेत, भिशी आहे तर तिचा उपयोग करा.

गोदाकाठच्या लोकांना तर हे मी जास्त कळकळीने सांगतेय. २ ऑगस्ट २०१६ चा पूर आठवा, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली, सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी. आमच्याकडे तेव्हा दूध नव्हतं, वीज नव्हती, पण पिठाचा डबा भरलेला होता आणि सिलेंडर नुकताच बदललेला, म्हणून शेजारच्यांनाही दोन वेळचं करून देता आलं. आता सिंहस्थ येतोय. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, म्हणजे भर पावसाळ्यात, आणि त्या मोठ्या पुराचीच तारीख. स्नानाच्या दिवसांत पंचवटी-रामकुंडाकडचे रस्ते बंद असतात हे २०१५ ला सगळ्यांनी बघितलंय. दहा मिनिटांत येणारा पोरगा बॅरिकेडच्या पलीकडून येणार नाहीये.

म्हणून जुलै २०२७ लागायच्या आत घरोघरी एवढं तरी असावं. आई-वडिलांची बीपी-शुगरची औषधं निदान पंधरा दिवसांची, प्रिस्क्रिप्शनच्या फोटोसकट. दुधाची पावडर. जास्तीचा सिलेंडर आधीच नोंदवलेला. पिण्याचं पाणी चार-पाच दिवसांचं, झाकणाच्या कळशीत किंवा कॅनमध्ये. पाचशेच्या नकोत, दहा-वीस-पन्नासच्या नोटा. टॉर्चचे सेल. आणि फोन बंद पडला तर लागतील ते नंबर कागदावर, मोठ्या अक्षरात, फ्रिजवर चिकटवलेले. आमच्या आईच्या फ्रिजवर ते मी मागच्या खेपेलाच लावून आलेय, तुमच्याकडे नसतील तर आज रात्री लिहून टाका.