हापूसवर जुमार

आज देवगडात घरामागच्या आंब्याला दोर बांधून तासभर जुमारने, म्हणजे दोराला पकडून वर सरकायच्या उपकरणाने, वर-खाली केलं. तेही जाड हातमोजे घालून, ऑक्टोबरच्या उकाड्यात! मोहिमेच्या गाइडची अटच आहे: अँकरपाशी, म्हणजे दोर जिथे पक्का बांधलेला असतो तिथे, दोर बदलताना हातमोजे काढायचे नाहीत. चारदा कॅराबिनर (दोरात अडकवायची धातूची कडी) हातातून निसटला. लाल मुंग्या चावल्या त्या वेगळ्याच.

आई पडवीतून ओरडली, "रे मेल्या, आंब्यार चडूक दोरी कित्याक व्हयी?"

पुढच्या महिन्यात नेपाळमधलं आमा दब्लम शिखर. ६,८१२ मीटर. उंचीने एव्हरेस्टपुढे धाकटं, पण नैऋत्य धारेवर कॅम्प १ आणि २ च्या मध्ये यलो टॉवरचा उभा खडक आहे, तिथे नुसता दम कामाचा नाही. नावाचा अर्थ आईच्या गळ्यातला ताईत. हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "माका सांगा नको, जेवूक ये."