सगळ्यांची हजेरी २: एका नेस्टेड लूपची तपासणी

आमच्या टीममध्ये नुकताच रुजू झालेल्या एका प्रोग्रामरचा कोड तपासणीसाठी माझ्याकडे आला, तेव्हा कोण किती वेळा हजर होतं याचा त्याने काढलेला अहवालही सोबत होता. नोंदणीच्या फाइलमध्ये २५,००० माणसं, हजेरीच्या फाइलमध्ये ४०,००० ओळी, आणि अहवालात प्रत्येक नावापुढे एकच आकडा: २. एरर नाही, वॉर्निंग नाही. प्रोग्राम सेकंदभरात संपलेला.

संशय आधी त्या सेकंदाचाच यायला हवा. लूपच्या आत लूप, म्हणजेच नेस्टेड लूप असेल तर फेऱ्यांचा गुणाकार होतो. २५,००० गुणिले ४०,००० म्हणजे १०० कोटी. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत १०० कोटी फेऱ्या सेकंदात होत नाहीत, रिकाम्या फेऱ्या असल्या तरी होत नाहीत. म्हणजे आतला लूप जितक्या वेळा चालायला हवा तितका चाललेलाच नव्हता.

कोडची रचना अशी होती:

    हजेरी_रीडर = हजेरीची फाइल उघड
    एकूण = ०
    प्रत्येक नोंदणीसाठी:
        हजेरी_रीडरमधल्या प्रत्येक ओळीसाठी:
            नोंदणीची आणि हजेरीची तारीख वाच
            क्रमांक जुळला आणि हजेरी नोंदणीच्या दिवशी किंवा नंतरची असेल, तर एकूण १ ने वाढव
        नाव आणि एकूण छाप

नवख्या डोळ्यांना हे बरोबर वाटतं. वाचताना अर्थही नीट लागतो. चूक तर्कात नाही. कुठली ओळ कुठल्या पातळीवर बसली आहे, यात आहे. म्हणून नेस्टेड लूप तपासताना प्रत्येक ओळीपुढे ती किती वेळा चालणार हा आकडा लिहायचा. इथे वरच्या दोन ओळींपुढे १, छापायच्या ओळीपुढे २५,००० आणि सगळ्यात आतल्या ओळींपुढे १०० कोटी. आकडे लिहून झाले की प्रत्येक ओळीला विचारायचं, तुझं काम खरंच इतक्या वेळा व्हायला हवं का? या कोडमधल्या तीनही चुका या एका प्रश्नाने सापडल्या.

मात्र १०० कोटींवर काहीच तपासता येत नाही. आधी हाताने मोजता येईल एवढा नमुना घ्यायचा: ३ नोंदण्या, ६ हजेऱ्या. नमुना निवडतानाही विचार लागतो. तिघांची उत्तरं वेगवेगळी हवीत आणि त्यातलं एक शून्य हवं. आम्ही २, ० आणि ३ अशी ठेवली. सहावी हजेरी नोंदणीत नसलेल्या क्रमांकाची. सगळ्यांचं उत्तर २ ठेवलं असतं, तर हाच चुकीचा प्रोग्राम बिनबोभाट पास झाला असता.

मग आतल्या लूपमध्ये एक मोजणारं व्हेरिएबल टाकलं आणि शेवटी छापलं. ३ गुणिले ६ म्हणजे १८ यायला हवे होते. आले ६.

“फाइल तर उघडीच आहे, मग दुसऱ्या माणसाच्या वेळी ती ओळी का देत नाही?” हा प्रश्न त्याने विचारला आणि तो अगदी योग्य होता. पायथॉनचा सीएसव्ही रीडर (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल वाचणारा) म्हणजे लिस्ट नव्हे, तो इटरेटर आहे. तो एकेक ओळ देत पुढे जातो आणि शेवटाला पोचला की तिथेच थांबतो. पहिल्या माणसासाठी सहाही ओळी वाचून झाल्या. दुसऱ्याच्या वेळी आतला लूप सुरू होताक्षणी संपला, कारण रीडरकडे देण्यासारखं काही उरलंच नव्हतं. रिकाम्या इटरेटरवर लूप फिरवणं भाषेच्या दृष्टीने गुन्हा नाही, म्हणून एररही नाही. साधी उघडलेली फाइल, ‘झिप’ आणि ‘मॅप’ ही फंक्शनं जे देतात ते, मागितली तशी एकेक किंमत देणारे जनरेटर, सगळ्यांची वागणूक अशीच. आतल्या लूपमध्ये यांतलं काही दिसलं, की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार आहे का, हे बघायचंच.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे फाइल बाहेरच्या लूपमध्ये दर वेळी नव्याने उघडणं. उत्तर सुधारतं, पण तीच फाइल २५,००० वेळा वाचली जाते. त्यापेक्षा लूपच्या आधी एकदाच सगळ्या ओळी लिस्टमध्ये घ्यायच्या. ४०,००० ओळी मेमरीला मुळीच जड नाहीत.

तो बदल करून नमुना पुन्हा चालवला. मोजणी १८ आली, उत्तरं मात्र २, २, ५. हवी होती २, ०, ३. ही दुसरी चूक पहिलीच्या आड लपली होती. ‘एकूण = ०’ ही ओळ एकदाच चालत होती आणि ती चालायला हवी दर माणसामागे एकदा. त्यामुळे प्रत्येकाच्या हजेरीत आधीच्यांची बेरीज मिसळत होती. मूळ अहवालात सगळीकडे २ का, याचं उत्तरही इथेच मिळतं: पहिल्याची बेरीज २ झाली, नंतर आतला लूप चाललाच नाही आणि तोच २ पुढे छापला जात राहिला. ती ओळ बाहेरच्या लूपच्या आत, आतल्या लूपच्या लगेच आधी आणली. २, ०, ३.

एक चूक दुरुस्त केल्यावर उत्तर अजून चुकीचंच येतं, म्हणून केलेली दुरुस्ती काढून टाकण्याचा मोह नवख्यांना फार होतो. तसं करू नये. एका वेळी एकच बदल करावा आणि आकडा कसा बदलला ते बघावं. २, २, २ चे २, २, ५ झाले, ही प्रगतीच होती.

उत्तर बरोबर आलं आणि आता प्रोग्राम संपेचना. पूर्ण फाइलवर तो खरोखर १०० कोटी फेऱ्या मारू लागला होता, आणि प्रत्येक फेरीत क्रमांक ताडून बघण्याआधीच दोन तारखा मजकुरातून वाचत होता. मजकुरातून तारीख काढणं हे महागडं काम. एका तारखेला ५ मायक्रोसेकंद धरले, तर २०० कोटी वाचनांना १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास. खरं तर तारखा आहेत किती? नोंदणीच्या २५,००० आणि हजेरीच्या ४०,०००. फाइल वाचतानाच प्रत्येक तारीख एकदा काढून ठेवली, तर ६५,००० वाचनं पुरतात आणि त्याच हिशेबाने सेकंदाचा तिसरा हिस्साही लागत नाही. क्रमांकाच्या मागेपुढे चिकटलेल्या मोकळ्या जागा काढण्याचं कामही तिथेच उरकायचं. क्रमांक मजकूर म्हणूनच ठेवायचा. त्याचा पूर्णांक केला की ‘००४२’ मधली शून्यं जातात आणि एका फाइलमध्ये तसा, दुसरीत असा राहिला तर जुळणीच होत नाही.

तरी १०० कोटी तुलना उरतातच. त्या घालवायला हजेऱ्यांची डिक्शनरी केली: शोधायची खूण (‘की’) म्हणून क्रमांक आणि त्यापुढे त्या माणसाच्या तारखांची लिस्ट. ती बनवायला ४०,००० पायऱ्या. मग प्रत्येक नोंदणीसाठी थेट तिच्या क्रमांकाची लिस्ट उचलायची. लूपच्या आत लूप अजूनही आहे, पण आतला लूप आता फक्त त्या माणसाच्या तारखांवर फिरतो. नोंदणीत क्रमांक दुबार नसतील, तर सगळ्या आतल्या फेऱ्या मिळून ४०,००० च्या वर जाऊ शकत नाहीत. गुणाकाराची बेरीज झाली. म्हणून ‘नेस्टेड लूप म्हणजे वाईट’ असं शिकवलेलं मला पटत नाही. आतला लूप कशावर फिरतो, ते महत्त्वाचं.

हजेरीच नसलेल्या माणसाचा क्रमांक डिक्शनरीत सापडणार नाही. तिथे ‘गेट’ वापरून रिकामी लिस्ट मागायची. डिफॉल्टडिक्ट (न सापडलेल्या कीसाठी आपोआप किंमत तयार करणारी डिक्शनरी) घेतली असेल, तर चौकोनी कंसात नुसतं विचारल्यानेही तिच्यात नवी नोंद तयार होते, हे विसरू नये.

यानंतरची साफसफाई निव्वळ दिसण्यासाठी नव्हती. आतला लूप उचलून वेगळ्या फंक्शनमध्ये नेला: त्याला तारखांची लिस्ट आणि नोंदणीची तारीख द्यायची, ते संख्या परत देणार. ‘एकूण = ०’ आता फंक्शनची पहिली ओळ आहे, त्यामुळे ती चुकीच्या पातळीवर जाण्याची शक्यताच संपली. फंक्शन एकटं तपासता येतं, तेही रिकामी लिस्ट देऊन. शिवाय मध्येच बाहेर पडायचं असेल तर ‘रिटर्न’ पुरतो. ‘ब्रेक’ फक्त सगळ्यात आतल्या लूपमधून बाहेर काढतो. दोन्ही लूप थांबतील या समजुतीवर लिहिलेला कोड बाहेरच्या लूपच्या फेऱ्या मारतच राहतो.

लूपच्या व्हेरिएबलची नावंही बदलली. मूळ कोडमध्ये ‘आय’ आणि ‘जे’ होते. घाईत दोन्ही लूपला ‘आय’ दिला, तर पायथॉनमध्ये फेऱ्यांची संख्या बिघडत नाही, पण आतला लूप संपल्यावर ‘आय’मध्ये आतलीच शेवटची किंमत उरते. सी भाषेमध्ये दोन्ही लूपनी एकच व्हेरिएबल वापरलं, तर बाहेरची मोजणीच हलते, आणि लूप लवकर तरी संपतो किंवा संपतच नाही. ‘नोंदणी’ आणि ‘तारीख’ अशा नावांची अदलाबदल वाचताना लगेच खटकते.

शेवटी दिवस आणि सत्र यांचा तक्ता छापायचा होता, आणि तिथे साधा नेस्टेड लूपच योग्य. फक्त रिकामा तक्ता बनवताना शून्यांची एक ओळ गुणाकाराच्या चिन्हाने तीनदा घेतली, तर पायथॉन तीन ओळी बनवत नाही. एकाच ओळीकडे तीनदा बोट दाखवतो. प्रत्येक ओळ लूपमध्ये नव्याने तयार करावी लागते. तपासायला ३ ओळी आणि ४ रकाने घ्यावेत. चौरस तक्ता घेतला तर ओळी आणि रकाने यांच्या मर्यादांची अदलाबदल लक्षातच येत नाही. एका घरात १ टाकून सगळा तक्ता छापायचा: १ एकदाच दिसला तर ओळी स्वतंत्र आहेत, तीनदा दिसला तर तक्ता बनवणारी ओळ बदलायची.