झाकण उघडायचे नाही: विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यातले ग्रिल

अमेरिकेत घराबाहेर ग्रिल पेटवण्याचा रूढ हंगाम मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे लेबर डेला संपतो. त्यानंतर दुकानांतल्या कोळशाच्या पिशव्या सवलतीच्या दरात निघतात आणि त्यांच्या जागी आधी भोपळे व मग बर्फ उपसायची फावडी मांडली जातात. आम्ही राहतो त्या विस्कॉन्सिन राज्यात मात्र हे वेळापत्रक फारसे कोणी मनावर घेत नाही. मॅडिसनमध्ये जानेवारीत भर दुपारीही पारा बहुधा शून्याच्या खालीच असतो, रात्री तो उणे दहा-बारा अंश सेल्सियसपर्यंत सहज उतरतो, आणि तरीही रविवारी संध्याकाळी फिरायला निघालो की एखाद्या घराच्या मागून धूर चढताना दिसतोच. आमच्या शेजारचे आजोबा तर बर्फ पडल्यावर मोटारीच्या वाटेआधी स्वयंपाकघराच्या दारापासून ग्रिलपर्यंतची वाट मोकळी करतात.

मराठी माणसाला याचे खरे तर नवल वाटू नये. उघड्यावर विस्तव करून खाण्याचे आपले दिवसही थंडीचेच असतात. सोलापूर-नगरकडचा गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेला हुरडा, रायगडमधली वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला मडक्यात भरून लावलेली पोपटी, खानदेशात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेले भरिताचे वांगे, हे सारे डिसेंबर-जानेवारीतले सोहळे आहेत. भर मे महिन्यात निखाऱ्यांसमोर उभे राहायला आपल्याकडे कोणी आपणहून तयार होणार नाही. फरक एवढाच की आपल्याकडची थंडी माणसाला विस्तवाजवळ बोलावते, तर इथली थंडी विस्तवाच्याच मुळावर उठते. त्यामुळे जुलैमध्ये ज्या पद्धतीने ग्रिल वापरले जाते त्याच पद्धतीने ते जानेवारीत वापरू गेले, की पदार्थ बाहेरून काळा आणि आतून कच्चा राहतो आणि दोष उगाच थंडीला दिला जातो.

माझ्या मते हिवाळ्यातले ग्रिल ही शेगडी नसून भट्टी आहे, आणि तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे झाकण. झाकणाच्या ग्रिलचा इतिहासही याच्याशी सुसंगत आहे. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या धातूच्या बोयांचे गोल तयार होत असत. तिथे काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी उघड्या ग्रिलवरच्या वाऱ्या-पावसाला कंटाळून 1952 मध्ये तशा एका गोलाचे दोन भाग केले, खालच्या भागाला पाय लावले, वरच्या भागाला मूठ लावली आणि हवेसाठी भोके ठेवली. आज अमेरिकेत घरोघरी दिसणारे ते काळे किटलीसारखे ग्रिल यातूनच आले. उन्हाळ्यात झाकण उघडले तर गेलेली उष्णता दोन-तीन मिनिटांत भरून निघते. उणे दहा अंशांत तीच उष्णता भरून यायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो, कारण धातूचे झाकण आणि वरची जाळी दोन्ही क्षणात निवतात. इथल्या मुरलेल्या मंडळींचा एकच नियम आहे: बघत बसलात तर शिजत नाही.

हा नियम एकदा मान्य केला की काय भाजायचे हे आपोआप ठरते. पनीर टिक्का, सीख कबाब, कोळंबी, पातळ मासा हे वारंवार परतावे लागणारे पदार्थ मी ऑक्टोबरनंतर बाहेर करत नाही. ते घरातल्या ओव्हनमध्ये अधिक चांगले होतात आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उलट जे पदार्थ एकदा ठेवून विसरता येतात, त्यांना हिवाळा मानवतो. वांगे हे त्यातले पहिले. इथे मिळणारे जाड सालीचे, जवळपास नारळाएवढे वांगे घ्यावे, त्याला तेलाचा हात लावावा, सुरीने चार ठिकाणी टोचावे आणि ग्रिल पुरते तापल्यावरच जाळीवर ठेवून झाकण लावावे. पंधरा-वीस मिनिटांनी फक्त एकदा उघडून बाजू बदलावी. वाऱ्याचा जोर असेल तर पाऊण तासही लागतो, पण तेवढ्या वेळात वांगे स्वतःच्याच वजनाने खचते, साल कागदासारखी सुटते आणि देठाजवळून निघणारा रस निखाऱ्यावर पडून चरचरतो. त्याच जाळीच्या कडेला लसणाचे आख्खे गड्डे आणि हिरव्या मिरच्या ठेवल्या तर भरिताची सगळी तयारी एकाच उष्णतेत होते. जळगावचे वांगे आणि कपाशीच्या काडीचा धूर यांची सर त्याला नाही, हे मान्य करूनही मी म्हणेन की गॅसच्या शेगडीवर जाळी ठेवून भाजलेल्या वांग्यापेक्षा ते कितीतरी उजवे असते.

कोंबडीच्या बाबतीत हाडासकट मांडीचे तुकडे घ्यावेत. छातीचा भाग पटकन सुकतो. मांडी मात्र दहा मिनिटे जास्त राहिली तरी कुरकुर करत नाही. निखारे एका बाजूला सारून तुकडे दुसऱ्या बाजूला ठेवायचे, म्हणजे खालून थेट आच लागत नाही आणि दह्याचे वाटण करपत नाही. शिजले की नाही हे रंगावरून ठरवू नये, कारण डिसेंबरमध्ये इथे साडेचारच्या आतच सूर्य मावळतो आणि कपाळाला बांधलेल्या दिव्याच्या उजेडात सगळेच मांस शिजल्यासारखे दिसते. अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबडीसाठी आतले तापमान 74 अंश सेल्सियस सांगितले आहे, आणि ते सुईच्या थर्मामीटरनेच पाहावे. मात्र या थर्मामीटरचा पडदाही गारठतो, आकडे सावकाश बदलू लागतात आणि बॅटरी मान टाकते. त्यामुळे तो वापरेपर्यंत कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा.

विस्कॉन्सिनमध्ये राहून ब्रॅटवर्स्टबद्दल न लिहिणे हा अपराध ठरेल. जर्मन स्थलांतरितांनी आणलेला हा जाडजूड सॉसेज शबॉयगन गावाचा अभिमान आहे आणि तो कांदा घातलेल्या बिअरमध्ये उकळून भाजायचा की भाजून मग बिअरमध्ये सोडायचा, यावर इथे घराघरांत मतभेद आहेत. त्याची खरी जत्रा भरते ती ग्रीन बे पॅकर्स या फुटबॉल संघाच्या लँबो फील्ड मैदानाबाहेर. सामन्याच्या काही तास आधी लोक मोटारींची मागची दारे उघडून, लहान ग्रिल मांडून, पार्किंगमध्येच खाणेपिणे सुरू करतात, आणि मैदानाभोवतालचे रहिवासी आपल्या अंगणातली जागा पार्किंगसाठी भाड्याने देतात. याच मैदानावर 31 डिसेंबर 1967 रोजी पॅकर्स आणि डॅलस काउबॉइज यांच्यात झालेला अंतिम सामना ‘आइस बोल’ म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी सामना सुरू होताना तापमान सुमारे उणे 25 अंश सेल्सियस होते. ज्या गावात तो सामना अभिमानाने सांगितला जातो, तिथे ‘आज फार थंडी आहे, ग्रिल नको’ असे म्हणण्याची सोय उरत नाही.

आता गॅसकडे वळू, कारण घरच्या वाचकांना इथला सर्वांत मोठा फरक तिथेच जाणवेल. आपल्या स्वयंपाकघरातल्या 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होणे थांबवते, त्यामुळे तसले मिश्रण इथल्या जानेवारीत उपयोगाचे नाही. ग्रिलला लागतो तो प्रोपेन. तो उणे 42 अंशांपर्यंत वायुरूप होऊ शकतो. तरीही थंडीत सिलिंडरमधला दाब बराच उतरतो, आणि द्रवाचा वायू होताना तो सिलिंडरच्याच पत्र्यातून उष्णता ओढून घेत असल्याने पत्रा आणखी गारठतो. भरलेल्या सिलिंडरवर हा परिणाम फारसा कळत नाही. तळाला थोडासाच गॅस उरलेल्या सिलिंडरवर मात्र ज्योत मलूल होते. थंडीत म्हणून भरलेला सिलिंडर लावावा आणि अर्धवट उरलेला एप्रिलसाठी ठेवावा. किती गॅस उरला हे पाहण्यासाठी आपल्याकडे सिलिंडरवर ओले फडके फिरवून कुठला भाग ओला राहतो ते पाहतात; इथे ते फडके पत्र्यालाच गोठून चिकटेल. त्याऐवजी सिलिंडरच्या बाजूने तांब्याभर गरम पाणी ओतून हात फिरवला, की जिथे पत्रा एकदम गार लागतो तिथवर द्रव आहे हे समजते. ज्योत वाढावी म्हणून सिलिंडरला आच देण्याचा किंवा त्याच्याजवळ हीटर ठेवण्याचा विचारही मनात आणू नये. शिवाय हे सिलिंडर घरात ठेवायचे नसतात. ते कायम बाहेरच, बर्फात उभे असतात, आणि रिकामे झाले की पेट्रोल पंपाबाहेरच्या पिंजऱ्यातून बदलून आणायचे. नंबर लावणे नाही, पासबुक नाही आणि खांद्यावरून सिलिंडर आणून देणारा माणूसही नाही.

ज्योत मलूल होण्याचे आणखी एक कारण असते आणि त्याचा थंडीशी काही संबंध नसतो. प्रोपेनच्या जोडणीत गळती झाल्यास प्रवाह आवळणारी सुरक्षा-व्यवस्था बसवलेली असते. गार हातांनी घाईघाईत बर्नरची बटणे आधी फिरवली किंवा सिलिंडरची चावी एका झटक्यात उघडली, तर त्या व्यवस्थेला गळती झाल्यासारखे वाटते आणि ती जेमतेम गॅस सोडते. मग माणूस अर्धा तास वाट पाहतो आणि ग्रिल काही तापत नाही. अशा वेळी सगळे बंद करून, जोडणी सोडवून, मिनिटभर थांबून, पुन्हा जोडून चावी अगदी सावकाश उघडली की ज्योत पूर्ववत होते. एरवीही उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटांत तापणारे ग्रिल हिवाळ्यात तापायला दुप्पट वेळ घेते, हे धरूनच चालावे.

थंडीपेक्षा वारा अधिक त्रास देतो. गॅसच्या ग्रिलच्या पाठीमागून वारा शिरला तर आतली उष्णता पुढे, बटणांकडे ढकलली जाते, म्हणून ग्रिल वाऱ्याला आडवे लावावे. आडोसा हवा म्हणून ते घराच्या भिंतीला चिकटवणे किंवा छपराखाली ओढणे हा मोह टाळावा. भिंतीपासून किमान तीन मीटरचे अंतर असलेले बरे. शरद ऋतूत याला सुक्या पानांची जोड मिळते. ऑक्टोबरमध्ये मेपल आणि ओकच्या पानांचा गुडघाभर ढीग अंगणात साचतो आणि एक ठिणगीही त्याला पुरते, तेव्हा आधी खराटा आणि मग काडेपेटी.

कोळशावर भाजणाऱ्यांना गॅसच्या दाबाची चिंता नसते, पण कोळसा जास्त लागतो. दाबून केलेल्या ब्रिकेटच्या आधी थोडा ओबडधोबड लाकडी कोळसा घालावा, कारण तो लवकर पेटतो आणि कडक आच देतो. ब्रिकेट मग सावकाश ती आच टिकवतात. धुराड्यासारख्या उभ्या डब्यात खाली वर्तमानपत्र पेटवून कोळसा फुलवून घेतला की रॉकेल किंवा इतर पेटवणाचा वास पदार्थाला लागत नाही. त्यावर सफरचंदाच्या लाकडाचा एखादा तुकडा टाकला तर धुराला गोडसर वास येतो, आणि इथल्या बागांमुळे ते लाकूड सहज मिळते. ज्यांच्याकडे जाड सिरॅमिकचे कमाडो ग्रिल आहे त्यांना हिवाळा जवळपास जाणवतच नाही, कारण ते तंदूरच्या जातीचे असते. त्याची किंमत मात्र भारतातल्या एका बऱ्या दुचाकीएवढी असू शकते.

एका बाबतीत मात्र मी हळवेपणा ठेवत नाही. बर्फ पडत असताना ग्रिल गॅरेजमध्ये ओढून, शटर वर ठेवून भाजणारे लोक दरवर्षी दिसतात. जळत्या कोळशातून आणि गॅसमधूनही निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही की वास नाही, आणि शटर उघडे असले तरी तो गॅरेजमध्ये साचून तिथून घरात शिरतो. आपल्याकडे थंडीत बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेल्यांच्या बातम्या येतात, त्यामागे हाच वायू असतो. बर्फ फारच असेल तर त्या दिवशी पिठले-भात करावा.

बाकी तयारी साधी आहे. हातात चामड्याचे मोजे असावेत, गळ्यातला लोंबता मफलर आत खोचावा आणि फुगीर नायलॉनचे जाकीट ज्योतीपासून लांब ठेवावे, कारण त्याला ठिणगीने लगेच भोक पडते. तापलेल्या मुलामा दिलेल्या झाकणावर बर्फाचे ढेकूळ पडू देऊ नये, मुलामा तडकतो. भाजलेले खाणे आत नेण्यासाठी जाड भांडे आधी ओव्हनमध्ये गरम करून ठेवावे. थंडगार ताटात काढलेली कोंबडी दारापर्यंत पोहोचेतो निवलेली असते. राख सर्वांत शेवटी, आणि तीही प्लॅस्टिकच्या कचरापेटीत कधीही नाही: वरून विझलेले दिसणारे निखारे आत दोन-दोन दिवस धगधगत राहू शकतात, म्हणून झाकणाचा पत्र्याचा डबा घेऊन तो घरापासून लांब, बर्फात ठेवून द्यावा आणि आठवडाभराने रिकामा करावा.